सीट १९ सी ते सीट २ ए

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१०

उद्या मोठ्या कंपनीबरोबर मीटिंग. त्याआधी नोंद असावी म्हणून लिहितो. आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, ३१२. सलूनच्या खुर्च्या, ८८ (पुढे बंद केल्या. केस कापणाऱ्यांना खुर्चीची कदर नसते). पायाने दाबायचे पंप, अकरा प्रकार. मान टेकायची उशी, जी आपणहून मानेला शोधत येते. वर्कशॉपचं शटर. वर्कशॉपचा जिना; त्यातली चौथी पायरी दोन सेंटिमीटर उंच आहे, ती मुद्दाम. माणूस सावध राहतो. घरचं जेवणाचं टेबल. ते डुगडुगतं असं बायकोचं म्हणणं. जमीन वाकडी आहे.

हे सगळं कुठल्याही कॉलेजचं तोंड न पाहता.

फर्मची नोंदणी, जागेचा भाडेकरार, गिऱ्हाइकांची यादी हे साडू बघतो. सगळं त्याच्याच नावावर आहे. कागद सांभाळायलाही कुणीतरी लागतंच.

५ मार्च, बुधवार. दुपारी २.४०, विमानतळ

मीटिंग उत्तम. कंपनीला आमचा धंदा घ्यायचाय. मला वर्षभर सल्लागार म्हणून पगार. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्यायचं.

समोर टाय घातलेला माणूस होता. त्याने विचारलं, डॉक्टर गिऱ्हाईक किती, त्यांचे फोन नंबर ताजे आहेत का, भाडेकरार किती वर्षांचा, ट्रक दारापर्यंत येतो का. खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. मी मानेची उशी बरोबर नेली होती. त्याने तिच्यावर चहाचा कप ठेवला.

ज्याला वस्तू हवी असते तो तिच्याकडे बघत नाही. मी भाजी अशीच घेतो.

साडूचा दोनदा फोन. म्हणाला, दादा, हो म्हणून या, जास्त ताणू नका. त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला वेल्डिंगपाशी उभं राहायला मनाई केलीय. जागेचा मालकही जूननंतर भाडं वाढवणार म्हणतो. साडू मुळात घाबरट. डोळ्यांचं काय, चष्मा बदलला की झालं.

दुपारी ३.२५, विमानात

सीट १९ सी. तिकीट कंपनीने काढलेलं. बसण्याआधी नेहमीप्रमाणे तपासणी. कुठल्याही खुर्चीत मी आधी तीनदा दाबून, नऊदा मागेपुढे करून मगच बसतो. सहाव्या वेळी डावीकडे कुरकुर. खाली वाकून बघितलं तर पिन सैल. बाहेर काढून मापली. आठ मिलिमीटर, हलकं लोखंड. इतक्यात पाठ सुटली आणि मागच्या काकूंच्या मांडीवर पडली. काकू म्हणाल्या, अहो, माझं मूल झोपलंय, त्याच्यावर कशाला टेकताय. मी त्यांना समजावलं, की दोष डिझाइनचा आहे.

हवाई सुंदरी आली. दुसरी आली. कुजबुज. मग पहिली म्हणाली, सर, जरा माझ्याबरोबर पुढे येता का.

दुपारी ३.४५, सीट २ ए

बिझनेस क्लास.

रुंदी ५३ सेंटिमीटर (मागे ४४). चामडं खरं. शिवण बरी, पण कोपऱ्यात घाई केलीय. गरम ओला टॉवेल दिला. हात पुसले, मग मान, मग बूट. टॉवेल परत घेताना तिने तो चिमटीत धरला, फार अदबीने.

विमानात दीडशे माणसं. त्यांतून मलाच का? विचार करायला चार मिनिटं लागली. उत्तर सरळ आहे. टायवाला. मी निघताना त्याने स्वतः लिफ्टचं बटण दाबलं होतं. वरून फोन गेला असणार, आमचा माणूस मागे बसता कामा नये. गरज असल्याशिवाय कुणी कुणाला गरम टॉवेल देत नाही.

म्हणजे ते मेटाकुटीला आलेत. म्हणजे भाव चुकीचा सांगितलाय.

फोन बंद करा अशी घोषणा होण्याआधी टायवाल्याला मेसेज पाठवला: "दुप्पट. त्याखाली बोलणं नाही." साडूला कळवलं नाही. आयता आनंद घरी जाऊन देऊ.

दुपारी ४.२०, हवेत

मधला पडदा लावला. फटीतून १९ सीची रिकामी जागा दिसते. तिच्यावर लाल पट्टी अडकवलीय. राखीव ठेवली असावी.

शेजारी सुटातला माणूस. मी खुर्च्यांचा संपूर्ण इतिहास सांगितला, पहिल्या पंपापासून. त्याने दहाव्या मिनिटाला डोळ्यांवर पट्टी चढवली. लक्ष देऊन ऐकणारा माणूस डोळे मिटतो. हाही कंपनीचाच असू शकतो. त्यामुळे स्प्रिंगचं गुपित सांगितलं नाही.

पंचावन्न मिनिटांचा प्रवास, त्यातली चाळीसच वापरायला मिळाली. ही सीट मी पूर्ण आडवी केली नाही. मोह झाला होता.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.३०

काल बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, मेसेजला उत्तर काय आलं. म्हटलं, इतक्या मोठ्या आकड्याला वेळ लागतो. मग धुवायला शर्ट घेताना तिला खिशात पिन मिळाली. ही कसली, म्हणाली. म्हटलं, विमानाची.  तिने पिन ओट्यावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. सव्वीस वर्षं संसार करून बाईला लोखंडात रस आला.

दुपारी १.००

साडूला दुप्पटचं सांगितलं. तो स्टुलावर बसला. चष्मा काढला, शर्टाने पुसला, घातला, परत काढला. म्हणाला, दादा, मला एकदा विचारायचं तरी. मी म्हटलं, तू बिझनेस क्लासमध्ये बसला नाहीस, तुला नाही कळायचं. तो म्हणाला, ते खरंय.

असा पटकन मान्य करतो. चांगला माणूस आहे.

८ मार्च, शनिवार

कंपनीकडून उत्तर नाही. दम धरून आहेत. मीही.

संकल्प: फोनकडे बघायचं नाही.

(११.१५, ११.४०, १२.०५ला बघितलं. चार्जिंग तपासायला.)

११ मार्च, मंगळवार

उत्तर नाही. म्हणजे वरच्या पातळीवर चर्चा चालू.

खुर्ची क्रमांक ३१३ सुरू केली. साडू दुपारभर बाहेर. बँकेत गेलो होतो म्हणाला. जाताना भाडेकरार घेऊन गेला. विचारलं तर म्हणाला, झेरॉक्स. कागदांचं त्याचं त्याला माहीत. आमचा वेल्डर आज माझ्याशी बोलताना सारखा शटरकडे बघत होता. शटर बघण्यासारखं आहेच.

घरी मेहुणीचा फोन. बायको गॅलरीत जाऊन बोलली, दार ओढून. बहिणीबहिणींचं काहीतरी असेल.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.१०

दगा.

सकाळी साडेनऊला वर्कशॉपवर गेलो तर दोन अनोळखी माणसं भिंतीला टेप लावून मापं घेत होती. त्यांना म्हटलं, टेप तिरका धरलाय. ते म्हणाले, काका, तुम्ही कोण.

साडूने सही केली. मंगळवारीच. जागेचा करार, फर्मचं नाव, गिऱ्हाइकांची यादी, सगळं कंपनीला. त्यांना तिथे गोदाम करायचंय. दातांच्या डॉक्टरांना ते बाहेरून आणलेल्या खुर्च्या विकणार. वेल्डरलाही घेतलाय, गोदामावर. माझी खुर्ची त्यांना नकोच होती. पहिल्या दिवसापासून नको होती, साडू म्हणाला. तुम्हाला सल्लागार ठेवायचं, ते मी भांडून घातलं होतं त्यात, ते आता गेलं.

मी म्हटलं, मग मला बिझनेस क्लासमध्ये कशाला बसवलं त्यांनी. साडूने विचारलं, कुणी. मी म्हटलं, कंपनीने. तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला. म्हणाला, दादा, तिकीट त्यांच्या नावाने होतं म्हणून विमानवाल्यांचं पत्र त्यांच्याकडे आलं. तुमच्या माणसाने सीटची पिन काढून नेली, सीट बंद ठेवावी लागली, दुसरी जागा नव्हती म्हणून पुढे बसवावं लागलं. टायवाल्याने मला फोन करून विचारलं, हे तुमचे साडू नेहमी असंच करतात का.

काय सांगितलंस, मी विचारलं.

तो म्हणाला, हो म्हटलं.

एकोणीस वर्षांची भागीदारी. एका ताटात जेवलो नाही इतकंच.

संध्याकाळी ५.००

बायकोला सगळं माहीत होतं. तीन दिवस. तीन दिवस या घरात ती मला वेळेवर चहा देत राहिली. का सांगितलं नाहीस म्हटलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का. हा प्रश्न उत्तर टाळण्यासाठी होता. मी ऐकून घेतला.

१५ मार्च, शनिवार

हत्यारं घरी आणली. तीन फेऱ्या. रिक्षावाल्याने विचारलं, दुकान बंद केलं का. म्हटलं, शिफ्ट करतोय. कुठे, म्हणाला. उत्तर दिलं नाही. धंद्याचं गुपित.

खुर्ची ३१३ अर्धी आहे. दारातून आत येईना. जिन्यात ठेवलीय. वरच्या मजल्यावरच्या आजी येताजाता तिच्यात बसून दम घेतात. पाठ अजून लावलेली नाही, त्यामुळे भिंतीला टेकतात. चांगली आहे म्हणतात.

संकल्प: स्वतंत्र फर्म. नाव ठरवायचं. यादी नव्याने करायची. डॉक्टरांचे नंबर मला पाठ नाहीत, पण चेहरे आहेत.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ४.००

साडू आला. बरोबर मेहुणी नव्हती. बूट बाहेर काढले, जसा पाहुणा काढतो तसे. जिन्यातल्या खुर्चीला वळसा घालून आला होता. टेबलाशी बसला, टेबल डुगडुगलं, त्याने कोपर उचललं.

म्हणाला, दादा, कागदावर नाव माझं आहे, पण खुर्च्या तुम्ही केल्यात. जूनमध्ये जागा गेलीच असती, मग हेही मिळालं नसतं. खिशातून चेक काढून ठेवला. बरोबर अर्धा, काही कापलेलं नाही, म्हणाला.

मी म्हटलं, आधी म्हण की चूक केली. त्याने चेक टेबलावर सरळ केला. मग म्हणाला, चूक नाही केली, दादा. तुम्हाला न सांगता केली, तेवढं चुकलं.

तेवढं मला पुरेसं नव्हतं. चेक मी स्वतः त्याच्या खिशात परत घातला. नीट, घडी न मोडता. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. साडूने तो घेतला, प्यायला, निघाला. बूट घालताना त्याला नाडी दिसेना. बायकोने खाली बसून बांधून दिली.

५.३०

 नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो.

साडूने देऊ केलेला अर्धा वाटा आज मी नाकारला. रक्कम: अठरा लाख पंच्याहत्तर हजार.