चाळीस पौंडांच्या आत

१२ सप्टेंबर
बूट पास! तीन तास टबात उभा होतो — पायात नवे बूट, टबात घोट्याच्या वर पाणी. डावा मोजा कोरडा, उजवाही कोरडा. व्हर्ना दारात येऊन म्हणाली, "इतकी अंघोळ लग्नाच्या दिवशीही केली नव्हतीस." नवऱ्यानं शिवणीकडे बघायचं की बायकोकडे?

अकरा वर्षं सोडतीत नाव घालतोय. अकरा! यंदा निघालं. वरच्या खोऱ्यातला एक नर एल्क — घोड्याएवढं सांबरच ते — मारायचा परवाना, माझ्या नावानं. सात मैल चढ, गाडी जात नाही, घोडा माझ्याकडे नाही, गुडघा चोपन्न वर्षांचा. म्हणून नियम एकच — सॅक चाळीस पौंडांच्या आत. आणि त्यात जे जाईल ते दगा देणार नाही.

१५ सप्टेंबर
तंबू अंगणात लावला, वर बागेचा फवारा सोडला, आत बसून सँडविच खाल्लं. एका शिवणीतून थेंब. मेण चोळलं. दुसरं सँडविच. थेंब नाही. शेजारीण कुंपणावरून बघत होती. व्हर्नानं तिला सांगितलं म्हणे, "घरातून काढलंय त्याला."

१९ सप्टेंबर
बर्डेट येऊन गेला — व्हर्नाचा धाकटा भाऊ. परवाना त्याला नाही, पण मांस खाली आणायला दुसरी पाठ लागतेच. त्याचं सामान बघितलं. बापाच्या वेळची लोखंडी चौकटीची सॅक, दोन ठिकाणी दोरीनं आवळलेली. आणि बिडाचा तवा! सात मैल चढावर बिडाचा तवा! मी त्याचं वजन केलं नाही. माझ्या काट्याचा अपमान झाला असता.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "तुझे मोजेसुद्धा परीक्षेला बसतात का रे?"

बसतात. सहा जोड बसले, दोन उत्तीर्ण झाले.

२३ सप्टेंबर
सकाळी चौकातल्या खानावळीत जरा जास्तच बोललो. सगळ्यांसमोर. "माझी एक जरी वस्तू डोंगरात फसली तर हिवाळाभर बर्डेटची टोपी घालीन!" ती टोपी म्हणजे नारिंगी, कानपट्ट्यांची, आत सशाचं कातडं. तिच्यात एकदा उंदरीण व्याली होती. बर्डेटनं ती तिथल्या तिथे काढली आणि माझ्या डोक्याचं माप घेतलं.

२८ सप्टेंबर
रायफल ओली केली, दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवली, काढून दहा गोळ्या झाडल्या. एकदाही अडली नाही. हे सगळं पुस्तकात नसतं, माझं मी शोधून काढलेलं आहे. व्हर्नानं मधेच फ्रीजर उघडला होता. "मटारची शिकार चाललीय का, ऑरिन?"

२ ऑक्टोबर
उद्या निघायचं. काटा दाखवतो — चाळीस पौंड, चार औंस! शक्य नाही. पुन्हा तोललं. तेच.

कात्री आणि करवत घेऊन बसलो. दातांचा ब्रश अर्धा. चमच्याचा दांडा. सॅकच्या लोंबत्या पट्ट्या. चहाच्या पिशव्यांचे दोरे. नकाशाचे समास. बाकी सगळ्या कागदांच्या कडा, पट्टी लावून, सरळ. व्हर्ना म्हणाली, "नखांचंही वजन असतं हं."

कापली.

एकोणचाळीस पौंड, साडेपंधरा औंस.

५ ऑक्टोबर
काल बर्फ पडलं. तंबू कोरडा, मोजे कोरडे, एकही वस्तू फसलेली नाही! बर्डेटच्या सॅकची दोरी दोनदा तुटली. त्याच्या तव्यातल्या बेकनबद्दल मी काही लिहिणार नाही. चार तुकडे खाल्ले. माझं पाकिटातलं जेवण भुशासारखं लागतं, पण वजन फक्त पाच औंस.

वरच्या रानात एक नर ओरडतोय. मोठा आहे.

६ ऑक्टोबर
उजाडता उजाडता दबा धरून बसलो. सगळं हाताशी असावं म्हणून खिशातून परवाना काढला. सुबक, चारी बाजूंनी सरळ कापलेला.

चारी बाजूंनी!

महिने आणि तारखा त्या कडांवरच छापलेल्या असतात. एल्क पडला की त्या दिवसाचा महिना आणि तारीख कातरून टाकायची, परवाना त्याला बांधायचा. कातरलेला परवाना म्हणजे वापरलेला परवाना. लोक एक महिना कातरतात — मी बाराही कातरले होते! एकतीसही तारखा! नवा काढायचा तर सात मैल खाली, पुढे ऐंशी मैल गाडी. आणि मुदत उद्यापर्यंत.

नेमका तेव्हाच तो आला. साठ पावलांवर. दोन्ही शिंगांना सहा-सहा फांद्या, नाकपुड्यांतून वाफ. मी रायफल रोखली. सवयीनं. मागून बर्डेट कुजबुजत होता, "मार! अरे मार ना! काय फोटो काढतोयस?"

एल्कनं माझ्याकडे बघितलं, निवांत मुतला आणि झाडीत गेला.

"काय झालं रे?"

उत्तरं दोनच होती. त्यातलं एक खरं.

"चाप गोठला," मी म्हणालो.

बर्डेट चक्क हसला नाही. टोपी काढली, झटकली, माझ्या डोक्यावर बसवली. हनुवटीखाली गाठसुद्धा मारली. मी मनातल्या मनात रायफलची माफी मागितली.

८ ऑक्टोबर
खानावळीत गेलो, टोपीसकट. बर्डेटनं सगळी हकिगत उभं राहून सांगितली. कोणीतरी म्हणालं, "मटारांनी सूड घेतला!" फ्रीजरचं यांना कोणी सांगितलं? मी कॉफी संपवली. टोपीचं वजन घरी येऊन केलं. साडेपाच औंस. माझ्या टोपीपेक्षा एक औंस कमी. हे कुणाला कळता कामा नये.

९ ऑक्टोबर
जेवायला बसलो तर ताटाशेजारी सुरीच्या जागी कागदाच्या चार पट्ट्या, ओळीनं मांडलेल्या. जानेवारी ते डिसेंबर, एक ते एकतीस. "तू गेल्यावर कचरापेटी रिकामी करताना सापडल्या," व्हर्ना म्हणाली. "बर्डेटला सांगितलं नाही. अजून." मग मला वाटाणे वाढले. "पुढच्या सोडतीत माझंही नाव घाल, ऑरिन. आणि सामान मी निवडणार."

बर्डेटचा बिडाचा तवा साडेसहा पौंड भरला. आत्ताच तोलून आलो.