नऊ नंबरची घडी

४ जून
पत्र आलं! सहा वर्षं महिन्यातून दोन शनिवार-रविवार लष्कराच्या राखीव दलाची वर्दी घातली, पॅराशूटच्या उड्याही शिकले, बाकीचे दिवस बाबांच्या दुकानात गळ्यात टेप. आता पूर्णवेळ. काम – पॅराशूटच्या घड्या घालणं. दादा म्हणाला, "घड्याच घालायच्या होत्या तर घरात कपडे काय कमी होते?" हसून हसून पोट दुखलं.

बाबा हसले नाहीत. "जा की. मी काय अडवलंय?" म्हणाले आणि पुन्हा काजं करायला लागले.

५ जून
बाबांना सुईचं नाक दिसत नाही आता. रोज सकाळी मी बारा सुया ओवून ठेवते, त्यांवर त्यांचा दिवस निघतो. म्हटलं, "नोकरीला जायच्या आधी ओवून जाईन, काळजी नको." "मला कसली काळजी?" म्हणे. आज एक बाही उलटी लावली त्यांनी. मी गुपचूप उसवून परत लावली.

१० जून
पहिला दिवस. लांबच लांब गुळगुळीत टेबलं, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. आमच्या मुख्य बाईंना सगळे आक्का म्हणतात. दोऱ्या ओढायचे हूक, कापड दाबायची वजनं, कात्र्या – सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या. अंगठी, टाचणी, सुई आत आणायची नाही. कापडात राहिली तर वर आभाळात कोण काढणार?

प्रत्येक घडीच्या चिठ्ठीवर घालणाऱ्याची सही. आक्का म्हणाल्या, "सही करायची म्हणजे तीच छत्री पाठीवर घेऊन उडी मारायची तयारी ठेवायची. कधी सांगेन ते सांगणार नाही." तीन महिने परीक्षेचे. नाही जमलं तर परत शनिवार-रविवार.

१४ जून
हात बसला! शिंप्याच्या पोरीला कापड ऐकतं.

१७ जून
घात झाला.
सकाळी बारावी सुई ओवली, निळा दोरा. बस चुकेल म्हणून सवयीने वर्दीच्या कॉलरला टोचली आणि धावले. दारात बाबांनी लहानपणीसारखी कॉलर सारखी केली. बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मोजणीच्या वेळी कॉलरला हात गेला. सुई नाही! तोवर माझ्या अकरा घड्या घालून झालेल्या. कपाटात गेलेल्या, सहीसकट.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? तरी आक्कांना सांगितलं. त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. "घरी नीट शोध. सापडली तर फोन कर. नाहीतर उद्या अकराच्या अकरा उघडू. मग तुझं काय करायचं ते बघू."

घरी पोचले. बाबांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "निळ्या दोऱ्याची सुई दिसली का हो?"
"नाही गं."
उंबऱ्यापासून बस-थांब्यापर्यंत वाकून वाकून पाहिलं. शेजारीण म्हणाली, "काय गं, नाक पडलं का तुझं?" नाहीच सापडली.

१८ जून
अकरा उघडल्या. सगळे हातातलं काम सोडून माझ्या टेबलाशी. सुई कुठेच नाही.

पण नऊ नंबर. एक दोरी छत्रीवरून पलीकडे गेलेली. तशीच उघडली असती तर छत्री मधोमध आवळली असती. खाली येणारा कसा आला असता, ते आक्का बोलल्या नाहीत. चिठ्ठी फक्त माझ्यासमोर ठेवली. माझी सही, झोकदार. लाज वाटली त्या सहीची. हात बसला म्हणे!

"घाल परत," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी हीच पाठीवर घेऊन तू उडी मारायचीस. उतरलीस की पुढचं बोलू."

दोन तास लागले एका घडीला.

१९ जून
घरी उडीचं बोलले नाही. बाबांनी दोनदा विचारलं, "काढलं का तुला?" म्हटलं, "अजून नाही."

२१ जून
उतरले! धडधाकट! गुडघा खरचटला तेवढा. वर छत्री उघडली तेव्हा आधी दोऱ्या पाहिल्या, मग जमीन.
आक्का म्हणाल्या, "उद्यापासून वेळेवर ये. आणि कॉलर झटकून." एवढंच. नोकरी वाचली!

२३ जून
रविवार. सुया ओवायला बाबांची सुईगादी घेतली. तिच्या खालच्या बाजूला, आतपर्यंत खुपसलेली – निळ्या दोऱ्याची सुई.

बाबांकडे पाहिलं. ते मशीनच्या चाकाकडे बघत राहिले. "त्या दिवशी कॉलरवरून मीच काढली. मानेत टोचेल म्हणून. संध्याकाळी तू विचारलंस, तेव्हा वाटलं... काढतील तुला. येशील परत."

राग आला. खूप आला.
पण सुई वेळेत सापडली असती तर नऊ नंबर कुणी उघडलाच नसता.

बाबांना हे सांगितलं नाही अजून. अकरा सुया ओवल्या. बारावी ओवलेलीच होती.