खांडीतली हजेरी

रोहा,
२८ सप्टेंबर २०२५

चि. आदेश,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे दुखतात, पण चिखलात उतरायचं म्हटलं की दुखायचे थांबतात. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यातलं माझं काम गणपतीबरोबरच संपलं. यंदा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी इतकी केली की झोपेतही कुणीतरी बघत असायचं. चार दिवस झाले, मी रोह्याला हौसाआत्याकडे आलेय. ती घावणे घालून घालून मला जाड करायला निघालीय.

तुझे फोन उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. इथे रेंज नसते. रोह्यात रेंज असते हे तुलाही ठाऊक आहे, पण ते नंतर. मेलही करता आला असता. पण टाईप केलेलं कुणीही पाठवू शकतं. हे अक्षर मात्र माझंच, कोंबडीने उकरल्यासारखं म्हणून तू हसायचास ते.

आधी तुझ्या रिकेविषयी. तुलूझहून तू त्या कालवा बांधणाऱ्या फ्रेंच माणसाची गोष्ट मला मेलवर पाठवत होतास. ती मी रोज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवायचे. तू पाठवलीस हे सांगितलं नव्हतं. 'मातीचा बांध टिकणार नाही, जमीन सोडा' असं म्हणून तू गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. त्यांना वाटायचं, मी कुठल्यातरी पुस्तकातलं वाचतेय.

पण त्यांना त्या माणसाचं वेडच लागलं. तो आधी मिठावरचा कर गोळा करायचा हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हंजे आपल्यातलाच, मिठागरवाला." दोन समुद्र जोडणाऱ्या कालव्याला मध्यावरच्या उंचवट्यावर पाणी कुठून आणायचं, हा सगळ्यांना पडलेला पेच त्याने डोंगरातले ओढे वळवून सोडवला, तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. धरणावर बायका मातीच्या टोपल्या वाहायच्या हे मला दोनदा वाचायला लावलं. त्याने मुलींच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे कालव्यात घातले आणि कालवाच आपलं सगळ्यात लाडकं मूल मानलं, हे वाचताना मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "मंग? बांध बी पोरच हाय गो." घ्या. म्हणजे आपण तिघं भावंडं.

मग शेवटचा भाग वाचला. रिके गेला आणि पुढच्या वर्षी कालवा खुला झाला. वाहतं पाणी त्याने पाहिलंच नाही. "पुरा कुनी केला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्या मुलांनी. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यानंतरच्या पौर्णिमेच्या उधाणाला धरमतरच्या खाडीने आपला बांध फोडला. उघाडीच्या झडपेपलीकडे बांधाला मोठी खांड गेली, पाणी शेतात शिरलं. संध्याकाळच्या ओहोटीला सगळा गाव चिखलात उतरला. तुला आठवत असेल, शेवटचं ढेकूळ घालण्याआधी बाबा हजेरी घेतात. कंबरभर गाळात उभी असलेली माणसं. कुणी आत राहू नये म्हणून एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्याने "हाय" म्हणायचं. नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, तर काम थांबवून तिथलं सगळं उकरायचं. म्हणूनच जो आला नाही त्याचं नाव खांडीत कधी घ्यायचं नसतं.

पोपटकाकांनी "हाय" म्हटलं. ऋत्विकने म्हटलं. मग बाबांनी पुकारलं, "आदेश."

सगळ्यांचे हात थांबले. बाबांना आपण काय केलं ते कळलं, त्यांचा चेहराच उतरला. भरतीचं पाणी परत फिरायला लागलं होतं, उकरत बसलो असतो तर सगळी शेती खारी झाली असती. तेवढ्यात बुजवलेल्या चिखलाच्या आतून कुणीतरी म्हणालं, "हाय."

तुझा आवाज होता, आदेश. सर्दी झाल्यावर होतो तसा, जरा जड. घाईत कुणीतरी शेवटचं ढेकूळ घातलं. बांध पक्का बसला, इतका पक्का की आजवर कधी बसला नव्हता. मी तुला लगेच फोन केला, आठवतं? तू मीटिंगमध्ये होतास आणि वैतागलास. मला इतकं बरं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर बाबा रोज दुपारी बांधावर जाऊन बसायला लागले. एकदा मी मागोमाग गेले. ते खांडीच्या जागेशी बोलत होते, रिकेची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. खालून तुझ्या आवाजात मध्येमध्ये "व्हय" येत होतं. गोष्ट संपल्यावर त्या आवाजाने विचारलं, "मी कवा येऊ?"

बाबा हसून म्हणाले, "दिवालीला."

तू दिवाळीला येणार हे फक्त मला माहीत होतं. तिकीट काढल्याचं तू मलाच कळवलं होतंस. भीती वाटली, फार वाटली. तेव्हा एका दिवसापुरती धावत रोह्याला येऊन आत्याला सगळं सांगितलं. तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "नाव दिलंय तुझ्या बापानं. आता मानूस मागंल. तो बांधावर पाय ठेवील, त्या दिवशी घेईल." काही उपाय? "त्याच रक्ताच्या मानसानं त्या नावाला पयलं 'हाय' म्हनायचं. मंग नाव सुटतं." त्याच्या बदल्यात काय जातं, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गावी परतले आणि सर्वपित्रीच्या दिवशी भर दुपारी बांधावर बाबांजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, बाबा, आदेशला हाक मारा. त्यांना केवढा आनंद झाला. त्यांनी हाक मारली आणि चिखलाच्या आधी मी "हाय" म्हटलं.

खाली काहीच झालं नाही. एक बुडबुडासुद्धा आला नाही. बाबा बावरून इकडेतिकडे पाहत राहिले, झोपेतून उठल्यासारखे, मग म्हणाले, "आदेश तिकडं एकटा हाय गो. जेवतो का नीट?" इतक्या वर्षांनी त्यांनी तुझी चौकशी केली. "विचारते" असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आवाज आला नाही. अजूनही नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, काही दोष नाही म्हणाले. आत्या मात्र माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावते. रडू नकोस. मला दुखत नाही आणि पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन. तू तिकडे धडधाकट आहेस, मला तेवढं पुरे आहे.

दिवाळीला ये. बाबा वाट पाहताहेत. बांधावरून खुशाल चाल, तुझं नाव सुटलंय. फक्त एक लक्षात ठेव. काल पोपटकाका आत्याला भेटायला आले, माझ्याकडे बघून दारातच थबकले. म्हणाले, "नमे, तू हितं? सकाली तर उघाडीपाशी आदेशला हाका मारीत व्हतीस."

तुला खांडीच्या बाजूने माझी हाक ऐकू येईल. हुबेहूब माझी असेल, लाडात येऊन म्हणते तशी "आद्या" म्हणेल. ओ देऊ नकोस. मी एसटी स्टँडवर उभी असेन, हात वर करून.

तुझी, मुकी आणि खरी,
नमाताई