आबांच्या खोलीतलं बटण

रविवार, संध्याकाळ

उद्या चोपड्याच्या नव्या घराच्या भिंती वायरिंगसाठी फोडणार, आणि माझं अजून ठरत नाही. आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खोलीत साधं बटण घ्यायचं की बोलून लागणारा दिवा?

आज जळगावच्या दुकानात यांनी "लाइट लाव" म्हटलं, लगेच लागला. आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "दिवा लाय रे भो." काहीच नाही. पुन्हा म्हणाले. शेवटी यांच्यासारखं शुद्ध बोलले, तेव्हा लागला. मला कसंतरीच झालं. स्वतःच्या घरातही असंच बोलायचं त्यांनी?

येताना मी म्हटलं, "आबा, तुमच्या खाटेजवळ बटणच घेऊ."

"नको, पोरी. तुम्ही दोन्ही नोकरीवर. दिनभर मनासंगे कोन बोलस?"

दिवसभर आबांशी बोलणार कोण? आता वायरमनला काय सांगू? प्रश्न दिव्याचाच होता ना?