सुकाकडे रोखलेला हात

१९ नोव्हेंबर १९८६, बुधवार

किळस आली आहे. माणसांची, होडीची, स्वतःच्या अंगाला येणाऱ्या मासळीच्या वासाचीसुद्धा. दोनदा आंघोळ केली, वास जात नाही.

आज दिवस मावळताना सुका होडीवरून पाण्यात पडला. जाळं ओढताना पाय दोरात अडकला, तोल गेला. डोंगराकडचा गडी. भातकापणी आटोपून याच महिन्यात आमच्या होडीवर लागला होता. नदीत पोहलेला, समुद्र नवा.

आमच्या होडीवर रीत आहे – ज्याने पडताना पाहिलं, त्याने पडलेल्याकडे हात रोखून उभं राहायचं. नजर हलवायची नाही, दुसरं काही करायचं नाही. तो हात बघून बाकीच्यांनी होडी वळवायची. बापाने मला हेच शिकवलं. पडताना मी पाहिलं होतं. पुढे जाऊन उभा राहिलो, हात रोखला, ओरडलो – दोर तोडा, होडी वळवा!

होडीचा म्होरक्या देवू तांडेल मागून म्हणाला, "नवं जाळं हाय, एकनाथदादा. अर्धं वर आलंय. पोवतो तो, ऱ्हाईल तंवर."

आणि ओढत राहिले. चिंतूने, देवूच्या पुतण्याने, एक रिकामा डबा पाण्यात फेकला. तेवढंच. लाटेआड सुकाचं डोकं जायचं, पुन्हा वर यायचं. इकडे बोंबील फळीवर सपासप पडत होते.

सूर्य पाण्याला टेकला. दिवेलागणीला हात जोडायची माझी लहानपणापासूनची सवय, आणि आज तर मागायला कारण होतं. डोळे मिटून म्हटलं, आई महालक्ष्मी, याला सांभाळ. डोळे उघडले तेव्हा पाण्यावर डोकं नव्हतं.

मग देवूने होडी वळवली. जाळं पुरतं वर आल्यावर! काळोख पडेपर्यंत फिरलो. काही नाही. त्या होडीवर देवाचं नाव घेणारा मी एकटा होतो. बाकीच्यांना बोंबील.

२० नोव्हेंबर

बायकोने, मंजुळाने, बोंबलाचं कालवण केलं. त्याच जाळ्यातले. ताटावरून उठलो. तिने दही-भात पुढे केला.

२१ नोव्हेंबर

चौकीत जबाब. देवू म्हणाला, "लिवा सायेब, प्यायलेला व्हता. आमी लय शोधला." बाकीचे जमिनीकडे बघत बसले.

मी म्हणालो, प्यायला नव्हता. दुपारी माझ्याशेजारी बसून भाकर आणि कांदा खाल्ला त्याने. जाळ्यापायी होडी वळवली नाही.

हवालदार लिहायचा थांबला आणि देवूकडे बघू लागला. माझ्याकडे नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात दारू ओतायची आणि वर हवालदारासाठी पापलेट घेऊन जायचं! पिशवी बाकाखालीच होती, पाणी गळत होतं.

बाहेर देवू म्हणाला, "तुमचं देवळातलं देवळात ठेवा, दादा. उद्यापासून होडीवर येऊ नका."

चिंतू हसला. "बरं झालं, काका. आता दिसभर आरती करा."

२३ नोव्हेंबर, रविवार

सुकाच्या पाड्यावर गेलो. बोईसरहून एसटी, पुढे चालत. त्याची बायको ठकी भात कांडत होती. दारूची गोष्ट माझ्याआधीच पोचलेली.

"तो ताडीला बी शिवत नाय," ती म्हणाली. "बाप तिच्यापायीच गेला त्याचा."

मी खरं काय ते सांगितलं. ऐकताना तिचं मुसळ थांबलं नाही.

"शेवटाला कोनी बघला त्याला?"

"मी."

"बुडताना बघला?"

"नाही."

"मंग मी टिकली काढायची नाय."

मला चहा दिला, गुळाचा. सगळा प्यायलो.

२४ नोव्हेंबर

देवूने देवळात नारळ फोडला – होडीवरचं संकट टळावं म्हणून. प्रसाद घरी पाठवला. टाकवेना, खाववेना. कोनाड्यात तसाच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुका जिवंत आहे!

डब्याला धरून तरंगत राहिला. पहाटे गुजरातकडच्या एका होडीने उचलला, तापात त्यांच्याच बंदरावर पडून होता. आज ठकीला घेऊन माझ्या दारात. देवू धावत आला, त्याला मिठी मारली – "लय शोधला रे तुला!" मी मान फिरवली.

देवू गेल्यावर सुका चहा पिताना म्हणाला, "काका, तुमचा हात दिसत व्हता. मागं सूर्याचा उजेड, त्यात सरळ हात. त्याच्याकडंच पोवत व्हतो, जवळ आलतो. मंग तुमी दोनी हात जोडलं. मला वाटला, निरोप दिला मला. मंग पोवलो नाय. डबा दिसला, तो धरला." आणि हसला. ठकी हसली नाही.

मंजुळाने दिवा लावला, सवयीने मला हाक मारली. मी हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.