साक्षीदाराच्या रकान्यातली सही

आप्पा,

आमटी तेवढी गरम करून घ्या. मी हॉस्पिटलच्या चौकशीला चाललेय. उठवलं असतं तर तुम्ही परत अडवलं असतंत. ठाकूरद्वारच्या वकीलकाकांनाही फोन करू नका.

काल तुम्ही म्हणालात, "समजावताना मी हजर होते, एवढंच सांग. प्रकरण मिटेल." जन्मभर कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाने हे सांगावं, याचा राग आला. मी हजर नव्हते, आप्पा. नंतर धावपळ नको म्हणून आमच्या वॉर्डात आम्ही नर्स सकाळीच संमतिपत्रांच्या गठ्ठ्यावर साक्षीदार म्हणून सह्या करून ठेवतो. त्या बाईंना ऑपरेशनमधला धोका कुणी समजावला की नाही, मला ठाऊक नाही. त्या गेल्या, आणि माझी सही म्हणतेय की माझ्यासमोर समजावला. त्यांची मुलगी आज समोर बसणार आहे. तिच्याशी खोटं बोलणार नाही. नोकरी गेली तर गेली.

तुमच्या मोतीबिंदूचा फॉर्म शोधू नका. त्यावरही मी परवाच सही करून ठेवली होती. सकाळी फाडला. सोमवारी नवा घेऊ. डॉक्टर तुम्हाला समजावतील तेव्हा शेजारी बसेन, मगच सही करेन.

मधुरा