डाव्या कुशीची उशी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही दोघं बरी असाल असं धरून चालते. दोन वर्षांत विचारलं नाही, आता विचारायची लाज वाटते.

बातमी आईकडून कळलीच असेल. मला सातवा संपत आलाय. आनंद झाला का, असं सगळे विचारतात. मी हो म्हणते. खरं म्हणजे काहीच वाटत नाही, पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही तसं.

कारखान्यात अजून जाते. उशांच्या खोळी शिवायच्या, कापूस भरून तोंड बंद करायचं, बसूनच काम आहे. मुकादमबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे माझा कितवा महिना चालू आहे ते वॉचमनलाही पाठ आहे. पण जेवणानंतर अर्धा तास गाद्यांवर आडवं होऊ देतात.

स्वतःसाठी एक उशी शिवली. लांब, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये घ्यायची. तुझ्यासाठी शिवली होती तशीच. त्या उशीचा विषय काढायचा नाही असं ठरवून पत्राला बसले होते.

रोज डाव्या कुशीवर झोपते आणि उठते तेव्हा उताणी असते, उशी खाली पडलेली. मंगळवारी दुपारी कारखान्यात तशीच जाग आली. पोटात हालचाल जाणवेना. तडक दवाखाना गाठला. नर्सबाईंनी ठोके ऐकवले, व्यवस्थित होते. मी म्हटलं, "माझंच चुकलं, उताणी झोपले."

"अगं, झोपताना कुशीवर झोपायचं. डावी काय, उजवी काय. जाग आली की कूस बदलायची. झोपेत अंग वळतं, त्याला कोण काय करणार? हालचाल कमी वाटली की मात्र अशीच लगेच ये."

मी सांगितलं, "माझ्या बहिणीचं बाळ आठव्यात गेलं. ती उशी घेत नव्हती."

त्या लिहायच्या थांबल्या. "उशी घेतली नाही म्हणून गेलं, असं कोणी सांगितलं तिला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ताई, मीच सांगितलं. दवाखान्याच्या त्या बाकावर तू रिकाम्या हातांनी बसली होतीस आणि मी म्हणाले, "एवढी शिवून दिली होती, घेतली असतीस तर." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला काही ठाऊक नव्हतं. तुझ्यापेक्षा मला माझ्या उशीचं पडलं होतं. तू एक शब्द बोलली नाहीस, तेही मला तेव्हा बरंच वाटलं.

हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसती कूस बदलते आणि तू आठवतेस. ते वाक्य उशाशी घेऊन तू दोन वर्षं कशी झोपत असशील, हे मंगळवारपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण आज नीट झोप. तुझं काही चुकलं नव्हतं.

चुकलेली,
तुझी धाकटी